घरच्या घरी क्राफ्ट बिअर चाखून तिला गुण कसे द्यावेत

गेल्या मे महिन्यातील एका संध्याकाळी धरमपेठेतील आमच्या घरी चौघांनी दोन ग्लास समोर ठेवून चाखले. दोन्ही ग्लासांत एकाच ब्रुअरीची (बिअर बनवणाऱ्या कारखान्याची), एकाच तारखेला भरलेली गव्हाची बिअर होती, पण ही गोष्ट ओतणाऱ्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती. पहिल्या ग्लासाला ५० पैकी सरासरी ३६ गुण पडले आणि दुसऱ्याला २३. पहिल्यातून पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येत होता, तर दुसऱ्यातून भिजलेल्या पुठ्ठ्याचा आणि शिळ्या मधाचा. फरक एवढाच होता की पहिली बाटली आणल्या दिवसापासून फ्रिजमध्ये उभी होती आणि दुसरी तीन आठवडे खोक्यात बंद होऊन माळ्यावर पडली होती. तेव्हापासून माझ्या वहीत गुणांच्या आधी बाटलीचा प्रवास लिहिला जातो. नागपूरचा उन्हाळा बिअरच्या चवीत हात घालतो आणि त्याचा वाटा वेगळा काढल्याशिवाय दिलेले गुण बिअर बनवणाऱ्यावर अन्याय करतात.

पुढे दिलेली पद्धत अशा घरगुती बैठकीसाठी आहे. कायद्याने ठरवलेले वय पूर्ण झालेल्या आणि आवश्यक तो परवाना असलेल्या व्यक्तींनीच ती वापरावी, आणि बैठकीनंतर कोणीही गाडी चालवणार नाही हे आधीच ठरवून घ्यावे.

बाटली कोठून आली, कशी राहिली

खरेदी करताना लेबलवरील उत्पादनाची तारीख सर्वांत आधी पाहावी. शेवटच्या वापराची तारीख उलटलेली नाही एवढ्यावर समाधान मानू नये, कारण हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, सुगंध त्या तारखेच्या कितीतरी आधी उतरू लागतो. ब्रुअरी व्यवसायात एक ढोबळ नियम वापरतात. सुमारे ३२ अंश सेल्सिअसला ३ दिवस, २२ अंशांना ३० दिवस आणि ३ अंशांना ३०० दिवस ठेवलेली बिअर जवळजवळ सारखीच शिळी होते. हे आकडे काटेकोर नाहीत, पण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या शहरात त्यांचा अर्थ स्पष्ट आहे. दुकानातील थंड कपाटातून बाटली घ्यावी, बाहेर रचलेल्या खोक्यांतून काढून तासाभरासाठी थंड केलेली घेऊ नये. दुकानदाराला माल कोणत्या महिन्याचा आहे आणि आल्यापासून थंडीत आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. घरी नेताना बाटल्या ओल्या टॉवेलात गुंडाळून जाड पिशवीत ठेवाव्यात. गाडीच्या डिकीत त्या दुपारभर राहिल्या, तर पुढची सारी मेहनत वाया गेलीच असे समजावे.

घरी आल्यावर बाटल्या फ्रिजमध्ये उभ्या ठेवाव्यात आणि शक्यतो एक दिवस हलवू नयेत. ऊन आणि ट्यूबलाइट या दोहोंपासून त्यांना जपावे. हॉप्समधून आलेल्या कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की त्यांच्यापासून एक गंधकयुक्त संयुग तयार होते आणि त्याचा उग्र वास नाकाला अत्यल्प प्रमाणातही कळतो. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्याच अंशी अडवते, हिरवी आणि पारदर्शक काच फारसा अडवत नाही. कॅनमध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही.

पहिल्या बैठकीसाठी चार प्रकार पुरेत. पुण्यात २००९ मध्ये डूलालीने महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीची, म्हणजे लहान प्रमाणावर बिअर बनवणाऱ्या ब्रुअरीची, वाट उघडली, त्यानंतरच्या वर्षांत बाटलीबंद क्राफ्ट बिअरही वाढत गेली, आणि आता बिरा ९१ किंवा शेजारच्या छत्तीसगडमधील दुर्गची सिम्बा अशी नावे अनेकांच्या ओळखीची झाली आहेत. एक साधी लागर (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) तुलनेसाठी, एक गव्हाची, एक हॉप्सप्रधान पेल एल किंवा तिचाच अधिक कडू प्रकार आयपीए (इंडिया पेल एल) आणि एक काळसर, भाजक्या चवीची स्टाउट अशी जुळणी केली, तर चवीचा बराच मोठा पट्टा एका संध्याकाळी समोर येतो. साधी लागर कमी लेखून वगळू नये, कारण बाकीच्या तिघींची उंची मोजायला तीच पट्टी उपयोगी पडते.

खोली, ग्लास आणि जिभेची तयारी

नागपूरच्या घरात उन्हाळ्यात कूलर असतोच, आणि कूलरला वाळ्याचे पडदे असतील तर त्यांचा गोड, मातकट सुवास खोलीभर पसरतो. तो आपल्याला इतका सवयीचा असतो की जाणवत नाही, पण बिअरच्या नाजूक वासांवर तो पूर्णपणे स्वार होतो. माझ्या पहिल्या वहीत जवळजवळ प्रत्येक बिअरपुढे ‘मातीचा, मुळांचा वास’ अशी नोंद आहे. तो वास बिअरचा नव्हता, हे पहिल्या पावसानंतर कूलर बंद झाल्यावर लक्षात आले. म्हणून बैठकीच्या अर्धा तास आधी कूलर बंद करावा, पंखा किंवा एसी चालू ठेवावा, आणि उदबत्ती, धूप, अत्तर तसेच फोडणीचा वास या चारही गोष्टी त्या खोलीपासून दूर ठेवाव्यात. शक्य असेल त्यांनी डिसेंबर-जानेवारीत सुरुवात करावी. तेव्हा ग्लास सावकाश गरम होतो आणि घाई करावी लागत नाही.

जेवणाचेही पथ्य आहे. दुपारी सावजी रस्सा किंवा सकाळी तर्री पोहे झाले असतील, तर किमान तीन तास जाऊ द्यावेत. तिखटाने जीभ चरचरत असताना कडूपणाचा आणि कार्बन डायऑक्साइडच्या टोचणीचा अंदाज चुकतो. ग्लासांच्या मधल्या वेळात जीभ साफ करण्यासाठी साधे पाणी आणि बिनमिठाचे मुरमुरे ठेवावेत. खारे शेंगदाणे, चिवडा आणि लिंबू पिळलेले काहीही गुण लिहून होईपर्यंत स्वयंपाकघरातच राहावे.

महागडे ग्लास लागत नाहीत, परंतु सर्व ग्लास एकाच आकाराचे असावेत. वरच्या बाजूला किंचित आत वळलेला वाइनचा ग्लास सर्वांत सोयीचा, कारण त्यात वास साठून राहतो. ग्लास मात्र खरोखर स्वच्छ हवा. तो ओला करून आतून बारीक मीठ भुरभुरावे. मीठ सगळीकडे सारखे चिकटले तर काच स्वच्छ आहे, आणि जिथे ते चिकटत नाही तिथे तेलकटपणा उरलेला आहे. चिमूटभर खाण्याचा सोडा घालून गरम पाण्याने धुवावे, भरपूर पाण्याने खंगाळावे आणि जाळीवर उपडे ठेवून वाळवावे. फडक्याने पुसल्यास त्याचा वास आणि धागे दोन्ही काचेला लागतात.

तापमानाबाबत थोडे अधिक काटेकोर राहणे फायद्याचे ठरते. लागर ४ ते ७ अंशांना, गव्हाची ५ ते ८, पेल एल आणि आयपीए ७ ते १०, तर स्टाउट १० ते १३ अंशांना चांगली कळते. बर्फासारखी थंड बिअर उन्हाळ्यात सुखावते, पण थंडीने तिचा वास दबतो आणि दोषही झाकले जातात. फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो, त्यामुळे हिवाळ्यात स्टाउट वीस मिनिटे आधी बाहेर काढावी लागते, तर मे महिन्यात त्याच्या निम्म्याहून कमी वेळ पुरतो. स्वयंपाकघरातील साधा थर्मामीटर असल्यास अंदाजाने चालावे लागत नाही. उन्हाळ्यात उरलेली बाटली पाणी आणि थोडा बर्फ घातलेल्या पातेल्यात उभी ठेवावी आणि एका वेळी ६० ते ७५ मिलिलिटरच ओतावी. चार प्रकारांची मिळून प्रत्येकी फार तर तीनशे मिलिलिटर बिअर होते, आणि चाखण्यासाठी त्याहून जास्त लागत नाही.

वासाला शब्द देण्याचा सराव

माझ्या मते या साऱ्या उपक्रमात सर्वाधिक वेळ येथे द्यावा. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचा असतो. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (रस्स्यासारखी गाढ चव) एवढेच जीभ सांगते, बाकी सारे नाक सांगते. अडचण अशी की नाकाला वास ओळखीचा वाटतो, पण शब्द ओठांवर येत नाही. इंग्रजी तक्त्यांतील ग्रेपफ्रूट, पाइन किंवा ब्लॅककरंट हे शब्द आपल्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष हुंगलेले नसतात, म्हणून ते उसने घेऊन लिहिलेली नोंद महिन्याभराने आपल्यालाच निरर्थक वाटते. त्यापेक्षा आपल्या फडताळातून शब्द घ्यावेत.

इतवारीच्या किराणा ओळीतून लवंग, धने, मिरे, चांगला गूळ आणि थोडे फुटाणे आणावेत. घरात कॉफीची पूड, पिकलेले केळे, लोणी, मध, व्हिनेगर आणि संत्रे असतेच. प्रत्येक पदार्थ वेगळ्या वाटीत ठेवून वर ताटली झाकावी. एकाने डोळे मिटावेत, दुसऱ्याने वाटी नाकाशी आणावी आणि पहिल्याने वास ओळखून नाव सांगावे. सोपे वाटते, पण पहिल्या फेरीत माणसे धने आणि मिरे यांतही गोंधळतात. दोन-तीन संध्याकाळी हा खेळ केला की बिअरमधील वास ओळखणे एकदम सोपे होते.

यांतील प्रत्येक वास बिअरमध्ये ठरावीक ठिकाणाहून येतो. सातूचे (जवाचे) माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, हलके भाजलेले असेल तर बिस्किटाचा किंवा तव्यावरच्या पोळीचा वास येतो, अधिक भाजल्यास फुटाण्यांचा आणि गुळाच्या पाकाचा, आणि काळेभोर भाजलेल्या सातूपासून स्टाउटमधील कॉफी येते. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमधील केळे आणि लवंग ही यीस्टची कामगिरी आहे. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेट या द्रव्याचा असतो, आणि ते खऱ्या केळ्यातही असते. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र धने आणि संत्र्याची साल प्रत्यक्ष घातलेली असते. येथे नागपूरकरांनी थोडे सावध राहावे. त्या परंपरेतील साल कडू जातीच्या नारिंगाची असते, आपले संत्रे मँडरिन वर्गातील, सैल सालीचे आणि गोड आहे. म्हणून ‘संत्र्याचा वास’ एवढेच लिहून थांबू नये. रसाचा वास, ताज्या सालीतून उडणाऱ्या तेलाचा झणझणीत वास, की वाळलेल्या सालीचा कडसर वास, हे स्पष्ट लिहावे. नखाने साल दुमडून ग्लासाच्या शेजारी धरली की हा भेद दोन सेकंदांत कळतो.

हॉप्सचे वास जातीनुसार बदलतात. झेक साझ हॉप्स गवताळ आणि मसालेदार असतात, १९७२ मध्ये बाजारात आलेले अमेरिकन कॅस्केड लिंबूवर्गीय फळांच्या सालीकडे झुकते, आणि सिट्रामध्ये आंबा व लिचीसारखी फळे सापडतात. काही जातींतून कांदा-लसणाचा वासही डोकावतो. आपल्याकडे त्यासाठी ‘हिंगासारखा’ हा शब्द अचूक बसतो आणि तो लिहायला मुळीच कचरू नये.

एक ग्लास, सहा मिनिटे

फिकट आणि हलक्या बिअरपासून सुरुवात करून कडू, गडद आणि तीव्र बिअरकडे जावे. उलट क्रमाने गेल्यास आयपीएनंतर लागर पाण्यासारखी लागते. ग्लास तिरपा धरून निम्मी बिअर कडेने ओतावी आणि उरलेली सरळ मध्यभागी, म्हणजे दोन बोटे फेस येतो.

फेस बसण्याआधी पहिला वास घ्यावा, कारण काही वास पहिल्या अर्ध्या मिनिटात उडून जातात. लांब श्वास ओढू नये. दोन-तीन आखूड हुंगे घ्यावेत, थांबावे, ग्लास हलका फिरवून वर तळवा ठेवावा आणि पुन्हा हुंगावे. नाक थकले असे वाटल्यास स्वतःच्या बाहीचा वास घ्यावा, नाक लगेच ताळ्यावर येते. मग ग्लास पांढऱ्या कागदासमोर धरून रंग, स्वच्छता आणि फेसाचा टिकाऊपणा पाहावा. पिल्सनर ही १८४२ मध्ये बोहेमियातील प्लझेन शहरात जन्मली ती सोनेरी, नितळ लागर म्हणून, तेव्हा तिच्यातील गढूळपणाचे गुण कापावेत. गव्हाच्या बिअरचा धूसरपणा प्रथिने आणि यीस्ट यांमुळे अपेक्षितच असतो.

पहिल्या घोटाने जीभ केवळ ओली करावी आणि त्यावर मत बनवू नये. दुसरा घोट तोंडात सर्वत्र फिरवावा. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा नकाशा शाळेत शिकवला जात असे, तो चुकीचा आहे. सर्व चवी जवळजवळ सर्वत्र कळतात, म्हणून घोट तोंडभर जायला हवा. गिळल्यावर तोंड मिटून नाकातून श्वास सोडावा. याच क्षणी घशातून नाकात जाणारा वास सर्वांत जास्त सांगून जातो. मग दहापर्यंत अंक मोजत कडूपणा टिकतो, वाढतो की विरतो हे पाहावे. तिसऱ्या घोटाला जाडपणा, फसफस, तुरटपणा आणि मद्यार्काची ऊब यांकडे लक्ष द्यावे.

या सहा मिनिटांत कोणीही बोलू नये. आमच्या एका बैठकीत पहिल्याच ग्लासाला एक मित्र उत्साहाने म्हणाला, “भाऊ, केळं आहे यात!” आणि त्यानंतर चौघांच्याही कागदांवर केळे उतरले. ग्लासात साधी लागर होती. त्या संध्याकाळचे सारे कागद बाद करावे लागले. तेव्हापासून आधी लिहावे, मग बोलावे हा नियम आम्ही मोडलेला नाही.

गुणांची विभागणी

अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रामची ५० गुणांची पत्रिका घरगुती कामासाठीही उत्तम आहे. तिच्यात वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकूण प्रभावाला १० गुण असतात. ही विभागणीच बरेच शिकवते. सुंदर रंग आणि भरघोस फेस यांचे मिळून केवळ तीन गुण असतात, त्यामुळे देखण्या बिअरला उगाच झुकते माप मिळत नाही. एकूण ३० ते ३७ गुण म्हणजे चांगल्यापैकी, किरकोळ उणिवा असलेली बिअर, ३८ च्या पुढे उत्कृष्ट, आणि ४५ च्या पुढचे गुण फार क्वचित द्यावेत. नवशिके सहसा सर्वच बिअरना ३५ च्या आसपास ठेवतात. त्यावर उपाय म्हणून आधी शब्द लिहावेत, नंतर विभागवार गुण आणि बेरीज अगदी शेवटी करावी.

माझ्या वहीतील गव्हाच्या एका बिअरची नोंद अशी आहे: ‘वास: पिकले केळे ठळक, लवंग मागून, किंचित पोळीसारखा धान्याचा, ९. रूप: धूसर पिवळी, फेस चार मिनिटे, ३. चव: सुरुवात गोडसर, मध्ये लवंग, कडूपणा नावापुरता, शेवट थोडा चिकट, १४. स्पर्श: मऊ, फसफस कमी, ३. एकूण: दुसरा ग्लास आवडीने घेईन, पण शेवट कोरडा हवा होता, ७. बेरीज ३६.’ यात ‘छान’ आणि ‘मस्त’ हे शब्द नाहीत. आपली आवड एकूण प्रभावाच्या दहा गुणांतच बसवावी आणि बाकीचे चाळीस गुण त्या प्रकाराच्या बिअरकडून काय अपेक्षित आहे, त्यावर ठरवावेत. मला अतिकडू आयपीए आवडत नाही, तरीही तिच्या कडूपणाचे गुण मी कापू शकत नाही.

दोष ओळखणे

काही वास प्रकार कोणताही असो, बहुधा दोषच असतात. लोणी किंवा बटरस्कॉचचा वास डायअसिटिलचा असतो, यीस्टला काम पुरे करायला वेळ मिळाला नाही की तो मागे राहतो. कच्च्या, हिरव्या सफरचंदाचा वास ॲसिटाल्डिहाइडचा आणि उकडलेल्या मक्याच्या कणसाचा डायमिथाइल सल्फाइडचा असतो. व्हिनेगरचा आंबटपणा जिवाणूंचा शिरकाव सांगतो, अर्थात मुद्दाम आंबवलेल्या बिअरचे निकष वेगळे आहेत. हे दोष ब्रुअरीत घडतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि उन्हाने आलेला उग्र वास हे बहुतांशी नंतरच्या प्रवासात येतात. म्हणून माझ्या पत्रिकेत खाली आणखी एक चौकट आहे. बाटलीवरील उत्पादनाची तारीख, खरेदीची तारीख, ती थंडीत होती का, आणि शिळेपणाची खूण आढळली का, हे त्यात लिहितो. शिळेपणाची खूण असेल तर गुण पेन्सिलीने लिहावेत आणि तीच बिअर ताज्या बाटलीतून पुन्हा चाखेपर्यंत पक्के करू नयेत.

हे दोन वास एकदा मुद्दाम निर्माण करून पाहावेत. पारदर्शक काचेच्या दोन ग्लासांत तीच लागर ओतावी, एक फ्रिजमध्ये झाकून ठेवावा आणि दुसरा गच्चीवरील उन्हात वीस मिनिटे. नंतर दुसराही थंड करून दोन्ही शेजारी हुंगावेत. पुठ्ठ्यासाठी धीर धरावा लागतो. एक बाटली खोक्यात बंद करून दोन आठवडे उन्हाळी खोलीच्या सावलीतील कोपऱ्यात ठेवावी, जोडीची फ्रिजमध्ये. उष्णतेने बाटलीतील दाब वाढतो, म्हणून खोके बंदच असावे आणि मुलांच्या हाताला लागू नये.

लेबल झाकून चाखणे

नाव, किंमत आणि सुंदर चित्र यांचा गुणांवर परिणाम होतो. चाखणाऱ्यांपैकी एकाने दुसऱ्या खोलीत ओतावे आणि ग्लासांच्या तळाला क्रमांक चिकटवावेत. आपल्याला खरोखर फरक कळतो का हे तपासायचे असल्यास त्रिकोणी चाचणी करावी. तीन ग्लास, दोन सारखे आणि एक वेगळा, वेगळा कोणता ते सांगायचे. प्रत्येकी तीस मिलिलिटर घेऊन, दोन संध्याकाळींत विभागून, सहा वेळा चाचणी करावी. निव्वळ नशिबाने सरासरी दोनदा उत्तर बरोबर येते, पाच किंवा सहा वेळा बरोबर येण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी असते.

गुण लिहून झाल्यावर कागद एकत्र करावेत. दोघांच्या बेरजेत सात गुणांपेक्षा जास्त अंतर असेल तर सरासरी काढू नये. राखून ठेवलेली उरलेली बिअर दोघांनी पुन्हा घ्यावी आणि कोणत्या विभागात अंतर पडले तेवढेच बोलावे. बहुतेक वेळा एकाला डायअसिटिल कळलेले असते आणि दुसऱ्याला नाही, कारण ते ओळखण्याची क्षमता माणसागणिक बदलते. अशा वेळी ज्याला ते कळते त्याचे नाव वहीच्या पहिल्या पानावर नोंदवून ठेवावे आणि पुढच्या बैठकीत लोण्याचा संशय आला की ग्लास आधी त्याच्याकडे सरकवावा.